फ्रीजमधली अर्धी बाटली

रात्रीचे दोन वाजले असतील. आमचा अडीच वर्षांचा नातू झोपेतून किंचाळत उठला आणि उजवा कान ओढत रडायला लागला. चार दिवस नाक वाहत होतंच. पावसाळ्याचे दिवस, अंगणवाडीतलं एकाचं पडसं दुसऱ्याला, त्यात नवल ते काय, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता अंगाला हात लावला तर कढत. सूनबाई त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालू लागली आणि आम्ही बाकीच्यांनी आपापलं शहाणपण सांगायला सुरुवात केली.

मी थेट स्वयंपाकघरात गेले. पळीत तेल घेतलं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या टाकल्या. माझ्या आईने मला हेच केलं, मी माझ्या मुलाला हेच केलं. चिरंजीवांनी फ्रीज उघडला. दाराच्या कप्प्यात, सॉसच्या बाटलीशेजारी, अँटिबायोटिकची बाटली होती, ती पावडरमध्ये पाणी घालून तयार करतात ना, ती. मागच्या खेपेची, अर्धी उरलेली. "हेच पाज की, मागे यानेच तर बरं वाटलं होतं," असं त्याचं म्हणणं. आणि आमचे हे अंथरुणातूनच म्हणाले, "परवा डोक्यावरून न्हाऊ घातलंत ना त्याला? तरी मी म्हणत होतो."

सूनबाईने तिघांचंही ऐकलं नाही. "आई, तेल नको. आणि ते औषध तर मुळीच नको," एवढंच म्हणाली. डॉक्टरांनी पोराच्या वजनाप्रमाणे लिहून दिलेलं तापाचं पॅरासिटामॉल घरात होतं, ते मोजून पाजलं आणि त्याला छातीशी उभं धरून बसून राहिली. पाऊण तासाने पोर झोपलं. पळीतलं तेल तसंच राहिलं. (सकाळी ते मी चटणीत घातलं. वाया कशाला घालवा!)

दुसऱ्या दिवशी मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात बघायची ती दिव्याची दुर्बीण लावून दोन्ही कान नीट पाहिले. म्हणाले, "उजवा पडदा लाल आहे, थोडा फुगलाय. डावा चांगला आहे. वय दोनच्या वर, ताप बेताचा. अँटिबायोटिक आत्ता देत नाही. दुखण्याचं औषध वेळेवर द्या. शुक्रवारी परत दाखवा. त्याआधी वाढलं तर वाट बघू नका, लगेच या." झालं. पाच मिनिटांत आम्ही बाहेर. जिना उतरता उतरता मुलगा पुटपुटला, "फी पूर्ण घेतली आणि औषध दिलंच नाही."

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं होतं. आपल्याकडे औषध न देणारा डॉक्टर म्हणजे एक तर नवखा, नाहीतर बेफिकीर. शेजारच्या वहिनी तर म्हणाल्या, "आमचे डॉक्टर बघा, एका सुईत मोकळं करतात." म्हणून शुक्रवारी मी मुद्दाम सोबत गेले, नीट विचारून घेतलं, आणि नंतर मिळेल ते वाचलंही. त्यातून जे कळलं ते मला माझा मुलगा लहान असताना कुणी सांगायला हवं होतं, असं राहून राहून वाटतंय. म्हणून आजचा हा लेख.

मैत्रिणींनो, कान दुखला की आपण कानाकडे बघतो. पण मुलांचं हे दुखणं बहुतेक वेळा सुरू होतं नाकात. कानाच्या पडद्याच्या मागे एक छोटी हवेची पोकळी असते, तो मधला कान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या अंगाला उघडते. एसटी घाट चढायला लागली की कान बंद होतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते या नळीचंच काम. मोठ्या माणसाची ही नळी साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि नाकाकडे उतरती असते. तान्ह्या बाळाची जेमतेम निम्मी, आणि जवळजवळ आडवी. म्हणून नाकातला माल कानाकडे जायला लहान मुलांत वेळ लागत नाही. मूल वाढतं तशी नळी लांब होते, उतरती होते, आणि सहा-सात वर्षांनंतर हे दुखणं आपोआप कमी होत जातं.

आता सर्दी. सर्दी होते ती विषाणूंमुळे. ऱ्हायनोव्हायरस, आरएसव्ही, अॅडिनोव्हायरस, फ्लूचे विषाणू, अशी ती मोठी जमात आहे. विषाणू नाकाच्या आतल्या अस्तराला सूज आणतो. ती सूज नळीपर्यंत पोचते, नळी बंद होते. नळीच्या आत सूक्ष्म केस असतात, ते घाण नाकाकडे लोटत असतात. विषाणू त्यांनाही नाकाम करतो. मग मधल्या कानातली हवा आतल्या आत शोषली जाते, पडदा आत ओढला जातो, आणि नाकामागचा चिकट द्रव त्या ओढीने कानात खेचला जातो. सर्दी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या-पाचव्या दिवशी कान का दुखायला लागतो, त्याचं कारण हे. आमच्या नातवाचं अगदी तसंच झालं होतं.

आणि जिवाणू? ते कुठून बाहेरून येत नाहीत, ही गोष्ट मला सगळ्यात नवी होती. न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएन्झी आणि मोराक्झेला हे कानदुखीतले तीन मुख्य जिवाणू. हे तिघेही धडधाकट, हसत्याखेळत्या मुलाच्या नाकामागे मुक्कामाला असू शकतात आणि काहीही त्रास देत नाहीत. ओसरीवर येऊन बसणारी माणसं असतात ना, तशी. सर्दीचा विषाणू मधलं दार उघडून देतो आणि ओसरीवरचे माजघरात शिरतात. तिथे कोंडलेल्या द्रवात ते वाढतात, पू होतो, पडदा फुगतो, ठणका लागतो.

यातला एक गमतीचा भाग सांगते. हिमोफिलस 'इन्फ्लुएन्झी' हे नाव त्या जिवाणूला चुकून पडलं. १८९२ मध्ये रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला फ्लूच्या रुग्णांमध्ये तो सापडला आणि हाच फ्लूचं कारण, असं त्यांनी जाहीर केलं. माणसातला फ्लूचा खरा विषाणू सापडायला १९३३ साल उजाडलं. नाव मात्र तसंच राहिलं. दार कुणी उघडलं आणि आत कोण शिरलं, यात भल्याभल्यांची गल्लत झाली, तर रात्री दोन वाजता आपली झाली यात काय मोठंसं!

दुखणाऱ्या कानात कधी नुसता विषाणू असतो, कधी जिवाणू, आणि पुष्कळदा दोघंही. दुर्बिणीतून पडदा बघून आत नेमकं कोण आहे हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मग ते बघतात मुलाचं वय, ताप किती, एक कान की दोन्ही, कान वाहतोय का. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं, विषाणूवर त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि जिवाणू असले तरी मुलाचं शरीर पुष्कळदा त्यांना स्वतःच आवरतं.

यावर जगभरात अभ्यास झालेत. अशा चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा निष्कर्ष असा, की अँटिबायोटिक दिलं काय आणि न दिलं काय, १०० पैकी ६० मुलांचा त्रास २४ तासांत ओसरतो. पुढच्या दोन-तीन दिवसांचा हिशेब धरला तर २० मुलांना औषध द्यावं तेव्हा एका मुलाचं दुखणं त्यामुळे वाचतं. उलट दर १४ मुलांमागे एकाला त्याच औषधाने जुलाब, उलट्या नाहीतर अंगावर पुरळ. म्हणजे पहिल्या रात्रीचा ठणका अँटिबायोटिक थांबवतच नाही. त्या रात्रीचा आधार म्हणजे वजनाप्रमाणे दिलेलं साधं वेदनाशामक. (तेही मुलांचंच. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. निमेसुलाइड तर आपल्या देशात १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून बंदी आहे.) नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी १९९० मध्येच 'थांबा आणि लक्ष ठेवा' हा नियम घालून घेतला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २००४ मध्ये, आणि पुन्हा २०१३ मध्ये, निवडक मुलांबाबत दोन-तीन दिवस थांबायची मुभा दिली.

निवडक मुलांबाबत, हे मात्र अधोरेखित करा. नाहीतर माझा लेख वाचून कुणी तान्ह्या बाळाला घरी ठेवायचं! सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर थांबायचं नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलाचे दोन्ही कान धरले असतील, कानातून पू येत असेल, ताप १०२ च्या वर असेल, दुखणं दोन दिवस झाले तरी हटत नसेल, मूल फार अशक्त असेल किंवा त्याचं टाळू दुभंगलेलं असेल, तर अँटिबायोटिक लागतं आणि ते वेळेवर लागतं. आणि कानाच्या मागचं हाड सुजून लाल झालं, कान पुढे ढकलल्यासारखा दिसला, मान ताठली, मूल गुंगीत गेलं किंवा तोंड एका बाजूला वाकडं झालं, तर रात्र असो की दिवस, थेट मोठं रुग्णालय गाठायचं. हे क्वचित होतं, पण होतं. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा कानामागचं हाड कोरून पू काढावा लागायचा आणि तरी मुलं दगावायची. त्यामुळे या औषधांना नावं ठेवायला मी बसलेले नाही. ती इतकी मोलाची आहेत म्हणूनच ती फ्रीजच्या दारात सॉसशेजारी पडलेली मला आता बघवत नाहीत.

त्या बाटलीचंच बघा ना. पावडरमध्ये उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, आणि किती दिवसांत संपवायचं ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. बहुतेक बाटल्यांवर सात दिवस. त्यानंतर औषधाचा जोर जातो. आमची बाटली पाच महिन्यांची होती! आणि ती उरलीच कशी? तर तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं म्हणून आम्ही बंद केली. डॉक्टरांनी पाच दिवस सांगितले होते, आम्ही तीन दिवसांत स्वतःच डॉक्टर झालो. मला विचाराल तर 'उगाच औषध नको' असं म्हणणारी आणि निम्म्यात सोडणारी ही बरेचदा एकाच घरातली माणसं असतात. आमच्या घरात तरी होती.

अँटिबायोटिक पोटात गेलं की ते फक्त कानातल्या गुन्हेगाराला शोधून मारत नाही. नाकातले, घशातले, आतड्यातले, चांगले-वाईट सगळे जिवाणू त्याच्या तावडीत सापडतात. उरतात ते चिवट. ते ओसरीवरच बसून राहतात आणि शिंकेतून, एकमेकांच्या तोंडातल्या खेळण्यांतून शेजारच्या पोराकडे जातात. पुढच्या खेपेला खरंच गरज पडते तेव्हा साधं औषध चालत नाही, मग महागडं, मग सुया. औषधाच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, बघितली आहेत? ती रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, हे सांगायला सरकारने २०१६ मध्ये मोहीम काढली होती. आपण मात्र औषधाच्या दुकानात जाऊन बिनधास्त सांगतो, "कान दुखतोय पोराचा, काहीतरी द्या." आणि तोही देतो.

आता तेलाकडे वळते, कारण तो माझा स्वतःचा गुन्हा. पडद्याच्या मागे दुखत असताना पडद्याच्या पुढे तेल ओतून आतल्या पुवाला काहीच होत नाही. गरम तेलाच्या ऊबेने घटकाभर बरं वाटत असेल, पण ते जास्त तापलं तर कान भाजतो. आणि पडदा फुटला असेल तर तेल सरळ आत. शिवाय डॉक्टरांना पडदा दिसतच नाही, दिसतो तो तेलाचा थर. शेकायचंच असेल तर कोमट फडक्याने बाहेरून शेका. बाळंतिणीच्या खोलीतल्या दोन गोष्टींचाही विचार व्हायला हवा. मालिशवाल्या बाई बाळाच्या नाका-कानात तेल सोडतात ती एक, आणि न्हाऊ घातल्यावर ओवा-वावडिंगाची धुरी देतात ती दुसरी. शेगडीची ऊब छान, पण तो धूर इवल्याशा नाकाला सोसत नाही. माझ्या मुलाला मी ही धुरी दीड महिना दिली. तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, हेही कबूल करते.

आणि आमच्या ह्यांचं ते "डोक्यावरून न्हाऊ घातलंत ना". याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. कानाचा पडदा धड असेल तर न्हाण्याचं पाणी मधल्या कानात जाऊच शकत नाही, मध्ये भिंत आहे. तरी मुलाचा कान दुखला की पहिलं बोट उठतं ते आईकडे. थंड पाण्याने न्हाऊ घातलं. टोपडं घातलं नाही. तूच आंबट खाल्लंस, ते दुधातून उतरलं. केळं दिलंस. या यादीत बिडी-सिगरेट कधी ऐकली आहेत? खोलीत ओढलेल्या बिडीच्या धुराने मुलांच्या कानाची दुखणी वाढतात, हे पक्कं झालेलं आहे. चुलीचा धूरही चांगला नाही. पण न्हाऊ घालणारी सापडते, बिडी ओढणारा अंगणात जाऊन बसतो.

आईच्या हातातलं म्हणाल तर ते वेगळंच आहे. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, ते जितकं पाजता येईल तितकं. बाटलीने पाजायची वेळ आली तर बाळाला आडवं निजवून नव्हे, डोकं उंच धरून. आणि लस. न्यूमोकोकसवरची लस आपल्या देशात सरकारी लसीकरणात २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर आली. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती मुख्यतः न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी आहे, कानदुखी तिने संपत नाही, पण त्या तीन जिवाणूंमधल्या सगळ्यात त्रासदायक भावाच्या पुष्कळ जातींना ती अटकाव करते. पेंटाव्हॅलेंट लशीत हिमोफिलसचा एक प्रकार असतो, पण कान धरणारा हिमोफिलस बहुधा दुसऱ्या प्रकारचा. म्हणून "सगळ्या लशी दिल्या तरी कान कसा दुखला?" असा प्रश्न पडला तर लशीला दोष देऊ नका.

इथवर दुखण्याचं सांगितलं. पण जो कान दुखत नाही, त्याची गोष्ट मला जास्त छळते.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिसऱ्या ओळीत बसायची. हाक मारली तर बघायची नाही, शुद्धलेखनात 'पान' सांगितलं तर 'मान' लिहायची. एका कानात कायम कापसाचा बोळा. मी तिच्या प्रगतिपुस्तकावर लिहिलं, 'वर्गात लक्ष देत नाही.' एकदा तासभर उभंही केलं. तिची आई मला भेटायला आली आणि मान खाली घालून म्हणाली, "बाई, घरी पण अशीच करते." दोघींनी मिळून त्या सात वर्षांच्या पोरीला ठरवून टाकलं, बेफिकीर म्हणून. पुढे दोन वर्षांनी गावात कानाच्या तपासणीचं शिबिर झालं. तिच्या एका पडद्याला भोक होतं, आणि दुसऱ्या कानातही द्रव साठलेला. तिला माझं शिकवणं अर्धंमुर्धं ऐकूच येत नव्हतं.

कान दुखायचा थांबला म्हणजे सगळं संपलं, असं नसतं. पू जातो, जंतू मरतात, पण मधल्या कानातला द्रव काही आठवडे तसाच राहू शकतो. दहातल्या नऊ मुलांचा तो तीन महिन्यांत आपोआप आटतो. तोवर मुलाला कानात बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. दुखत नाही, ताप नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, 'काय?' 'काय?' करतं, बोलायला उशीर करतं, आणि आपण म्हणतो हट्टी झालंय. काही मुलांत जिवाणू आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर करून राहतात, मडकं घासलं नाही तर आत धरतो ना, तसा. असा थर वारंवार कान धरणाऱ्या मुलांच्या मधल्या कानात खरोखर दिसल्याचं २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्या थराखाली औषध नीट पोचत नाही, म्हणून घोटभर सिरप पुन्हा पुन्हा पाजूनही काही मुलांचं तेच ते होत राहतं. अशा वेळी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांना दाखवणंच बरं.

आणि जो कान महिनोन् महिने वाहतो, त्याला तर आपण दुखणं समजतच नाही. 'कान फुटलाय, मोठी झाली की बंद होईल.' त्यात आधीच्या तिघांपेक्षा वेगळे, जास्त चिवट जिवाणू ठाण मांडतात. तो कान डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा लागतो, त्यात योग्य थेंब घालावे लागतात, आणि अशा कानात मात्र पाणी जाऊ द्यायचं नाही. भोक बुजलं नाही तर पडद्याला ठिगळ लावायची शस्त्रक्रिया असते. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. कान वाहणं आणि कमी ऐकू येणं हे दोन्ही त्यांच्या तपासणीत आहे, आणि पुढचे उपचार मोफत. पण पथक येतं त्या दिवशी आपली पोरगी शाळेत असायला हवी, आणि 'हिचा कान वाहतो' हे बाईंना आधी सांगून ठेवायला हवं. गर्दीत पथकाचंही दुर्लक्ष होतं.

डॉक्टरांबद्दलही माझं एक म्हणणं आहे. 'शुक्रवारी परत या' हे माझ्यासारखीला ठीक आहे, दवाखाना चार पावलांवर आहे. आमच्याकडे कामाला येते तिची बहीण वस्तीवर राहते. एसटीने यायचं तर अर्धा दिवस जातो, मजुरी बुडते. ती एका फेरीत मोकळं होणारी सुई मागते, त्यात तिचं काय चुकलं? इंग्लंडसारख्या देशांत डॉक्टर अशा वेळी चिठ्ठी लिहून हातात देतात आणि सांगतात, दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा वाढलं तरच औषध आणा. पुष्कळ चिठ्ठ्या तशाच राहतात. आपल्याकडे हे का होऊ नये? त्यासाठी डॉक्टरांना आणखी पाच मिनिटं बोलावं लागेल. 'विषाणू आहे, होईल बरं' एवढ्यावर आईची बोळवण करता येणार नाही. काय दिसलं, का थांबायचं, काय झालं तर धावत यायचं, हे तिला तिच्या भाषेत सांगावं लागेल. आणि कानात न बघताच कानाचं औषध लिहिणारेही आहेत. तिथे आपणच नम्रपणे म्हणावं, "डॉक्टर, एकदा दुर्बिणीतून बघता का?" मी आता म्हणते. एकदा एक डॉक्टर रागावले, पण त्यांनी बघितलं.

नातवाचं म्हणाल, तर दुसऱ्या रात्री तो शांत झोपला. शुक्रवारी ताप नव्हता, डॉक्टरांची दुर्बीण हिसकावून घ्यायला बघत होता. पडद्यामागे द्रव मात्र अजून आहे, म्हणाले. तीन महिन्यांनी ऐकू कसं येतंय ते बघायचं आहे. सूनबाईने कालनिर्णयवर त्या तारखेला लाल गोल केलाय. ती बाटली मुलाने स्वतः नेऊन औषधाच्या दुकानात विचारलं, हिचं काय करायचं. दुकानदार म्हणाला, असं विचारणारे तुम्ही पहिलेच.